नवरीची गाडी मागे घेत नाहीत

कोगिसो मासायुकी भित्रा माणूस होता. हे आधीच सांगतो, कारण त्याची गाडी पाहून कोणाला तसं वाटलं नसतं.

गाडी पांढरी, चार दारांची, जमिनीला चिकटल्यासारखी बसकी. आमच्या जपानातल्या ओवारी भागात असल्या गाड्या टगी पोरं फिरवत. पोलिस त्या लांबून ओळखत. पोलिसांनी हात केला की काच खाली व्हायची आणि आत दिसायचा पन्नाशीचा, गिरणीचा निळा डगला घातलेला, घाबरून घाम फुटलेला माणूस. पोलिसच ओशाळायचे.

आम्ही दोघं एकाच लोकरीच्या गिरणीत जॉबर होतो. साचा, म्हणजे माग, बिघडला की खाली शिरायचं, दुरुस्त करायचा, बाहेर यायचं. कोगिसोचं काम चोख. पण त्याला कुत्र्याची भीती, विजेची भीती, दाताच्या डॉक्टरची भीती. फोन वाजला तरी तो दचकायचा. बायको सुमिए गेली तो निरोप फोनवर आला होता. तेव्हा मुलगी चिनात्सु शाळेत होती. कोगिसोची मोठी बहीण मात्सुए दोन गल्ल्यांपलीकडे राहायची. तिनेच चिनात्सुचं सगळं केलं.

‘एवढा घाबरट तू, आणि गाडी अशी का?’ मी एकदा विचारलं.

‘उंच बसलं की पोटात ढवळतं,’ तो म्हणाला. ‘खाली बसलं की जमीन हाताशी असते.’

पण बसक्या गाडीचं भय वेगळं. ती घेतली की सपाट वाटणारा रस्ता सपाट राहत नाही. प्रत्येक खड्डा, प्रत्येक उंचवटा अंगावर येतो. रविवारी आम्ही कॉफीला जायचो. कॉफीबरोबर टोस्ट आणि उकडलेलं अंडं यायचं. तिथे गाडी लावायला फुटपाथची कड चढावी लागे. कोगिसो उतरायचा, वाकून बघायचा, परत बसायचा, गाडी तिरकी धरायचा आणि एकेक चाक चढवायचा. मागचे लोक भोंगे वाजवायचे. तो मान लववून त्यांची माफी मागायचा. कॉफी गार व्हायची.

नियम असा होता की गाडीचा सगळ्यात खालचा भाग जमिनीपासून नऊ सेंटीमीटर वर हवा. त्याच्या खाली गेली की तपासणीत नापास. बसक्या गाडीवाल्यांकडे त्याचं माप म्हणजे सिगारेटचं पाकीट. पाकीट उभं धरायचं आणि गाडीखालून सरकवायचं. न अडता गेलं तर गाडी पास. कोगिसोचा पाकिटावर विश्वास नव्हता. ‘ते नऊला किंचित कमी भरतं. त्या किंचितपायी माणूस मरतो,’ तो म्हणायचा. त्याने गिरणीतल्या जुन्या धोट्याचं लाकूड रंधा मारून नीट ठोकळा केला होता. नऊपेक्षा अर्धा जास्त. स्प्रिंगा त्याने कधी कापल्या नाहीत. कापलेली स्प्रिंग खड्ड्यात जागची सुटते. त्याने आखूड स्प्रिंगा घेतल्या, शॉकअपही आट्यांचे घेतले. पान्याने कडी फिरवली की गाडी वर-खाली होई. सहा महिन्यांनी एकदा तो चारही चाकांशी पालथा पडून मोजायचा. असं काम मी गिरणीतही फार थोड्यांचं पाहिलं.

चिनात्सुचं लग्न ठरलं तेव्हा हेइसेइचं नववं वर्ष, म्हणजे सत्त्याण्णव साल, चालू होतं. मुलगा नदीकडच्या गावचा, शेतीची अवजारं दुरुस्त करणारा. मात्सुएताईने भाड्याची काळी गाडी ठरवायला घेतली.

‘मी बाबांच्या गाडीतून जाणार,’ चिनात्सु म्हणाली.

‘त्या घोरपडीतून?’ मात्सुएताई म्हणाली. ‘सासरच्यांना वाटेल नवरी गटारातून आली.’

‘आत्या, मी शाळेत त्याच घोरपडीतून गेले.’

‘तेव्हा तुझ्या डोक्यावर हातभर टोप नव्हता. बसशील कुठे? डिकीत?’

 दुसऱ्या दिवशी गिरणीत कोगिसोचं कामात लक्ष नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत म्हणाला, ‘हिबिनो, मला भीती वाटते रे.’

‘कशाची?’

‘मागे न घेण्याची.’

आमच्याकडे नवरी घरून निघाली की तिची गाडी मागे घेत नाहीत. एक हातही नाही. मागे घेतली तर नवरी माहेरी परत येते म्हणतात. अरुंद रस्त्यावर समोरून गाडी आली तर समोरच्याने मागे जायचं. त्याला लाल-पांढऱ्या दोऱ्याचं, आत थोडे पैसे घातलेलं पाकीट द्यायचं, तो हसून, शुभेच्छा देऊन मागे सरतो. पाकिटं द्यायला एक माणूस पुढच्या सीटवर बसतो. त्या दिवशी तो मी होतो.

कोगिसोने तयारी केली ती मी पाहिली. गाडीत किती वजन पडेल त्याचा अंदाज घेऊन त्याने सीटांवर तांदळाची पोती ठेवली. गिरणीच्या अंगणात, फरशीवर, ठोकळा सरकवला. ठोकळा सायलेन्सरला अडला. मग तो मागच्या चाकांशी पालथा पडला आणि कड्या फिरवत गेला. पुन्हा पोती चढवली, पुन्हा सरकवला. ठोकळा पलीकडून बाहेर आला तेव्हा अंधारून आलं होतं आणि त्याची कोपरं सोललेली होती. मग पोत्यांसकट तो नदीकाठच्या गावापर्यंत जाऊन आला. मोठ्या रस्त्याने. कुठेही घासलं नाही.

‘आता तरी भीती गेली?’ मी विचारलं.

‘पोती बोलत नाहीत,’ तो म्हणाला. ‘ताई बोलेल.’

लग्नाच्या सकाळी रिवाजाप्रमाणे वरच्या मजल्यावरून मिठाई उधळली. आळीतली पोरं, बायका, म्हातारे पिशव्या पसरून उभे होते. गोंधळ संपल्यावर चिनात्सु खाली आली. पांढरा जड पोशाख, पांढरा टोप. तिला मागच्या सीटवर बसवताना आम्हाला घाम फुटला. मात्सुएताई तिच्या शेजारी, मांडीवर तिचा घोळ धरून. गाडीच्या नाकावर लाल-पांढरं कापड बांधलेलं. वजनाने गाडी खाली बसली. मी खाली वाकून पाहिलं. जेवढी जागा राहायला हवी होती, तेवढी होती.

कोगिसोचे हात स्टिअरिंगवर पांढरे पडले होते. तो बैलगाडीच्या वेगाने निघाला.

‘मासायुकी, लग्न आज आहे,’ मात्सुएताई म्हणाली.

‘हो ताई.’

‘मग पोचव आजच.’

पहिल्या अरुंद वळणावर पोस्टाची मोटरसायकल आली, ती बाजूला झाली. पुढे भाजीचा टेम्पो आला. मी उतरून पाकीट दिलं. तो खूश होऊन मागे गेला. मला वाटलं, झालं, आता मोठा रस्ता. मोठा रस्ता समोर दिसतही होता.

तेवढ्यात मोठ्या रस्त्यावरून आमच्या वाटेवर एक शेतकरी वळला. हाताने धरायचं नांगरणीचं यंत्र, मागे जोडलेली लाकडी गाडी, तीवर खताची पोती. दोन्ही बाजूंना पाण्याचे चर. तो आमच्या नाकासमोर येऊन थांबला.

मी उतरलो. ‘आजोबा, नवरीची गाडी आहे. जरा मागे घेता?’

‘अभिनंदन,’ तो म्हणाला. पाकीट घेतलं, खिशात टाकलं. ‘मागे कसं घेऊ?’

‘जसे आलात तसे.’

‘मागची गाडी वाकडी होते. चरात जाते. गेल्या वर्षी गेली. मी पण गेलो.’ त्याने पायजमा वर करून पायावरचा व्रण दाखवला.

‘आम्ही ढकलू.’

‘खत आहे, नवरीचा माणूस आहेस, कपडे बघ तुझे.’ तो खरंच वाईट वाटल्यासारखा म्हणाला. मग त्याने डावीकडे बोट केलं. ‘तुम्ही या वाटेने जा ना. फाटक ओलांडलं की नदीचाच रस्ता.’

मी परत आलो, सांगितलं. कोगिसोचं तोंड उतरलं.

‘त्या फाटकाला उंचवटा आहे,’ तो म्हणाला. ‘रूळ वर आहेत. मी ते मोजलेलं नाही.’

‘सायकली जातात, ट्रॅक्टर जातात,’ मात्सुएताई म्हणाली. ‘तू काय तराफा घेऊन चाललायस?’

‘ताई, थोडी मागे घेऊ? फक्त त्या झाडापर्यंत. तिथे जागा आहे.’

‘तोंडातून काढू नकोस तो शब्द.’ ती रडवेली झाली होती. ‘हिची आई असती तर तिने काढू दिला असता?’

कोगिसोने आरशात पाहिलं. चिनात्सु टोपाखाली मान खाली घालून बसली होती. आता वाटतं, तिने तेव्हा काही बोलायला हवं होतं. पण त्या पोशाखात मुली बोलत नाहीत.

तो डावीकडे वळला.

फाटक लहान, एकाच गाडीच्या रुंदीचं. दोन्हीकडे काळे-पिवळे दांडे वर उभे. रूळ एकच जोडी, पण भराव उंच. वाट त्यावर चढायची आणि लगेच पलीकडे उतरायची, एखाद्या छपरासारखी. कोगिसो थांबला. उतरला. वाकून रुळांकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं. परत बसला. त्याच्या मानेवर घामाच्या धारा होत्या. त्याने ठोकळा सरकवला होता तो सपाट फरशीवर. चारही चाकं खाली आणि पोट वर, असा रस्ता त्याने मोजलाच नव्हता. आमच्यातला कोणीच मोजत नसे.

‘तिरकी घे,’ मी म्हटलं.

‘तिरकी घ्यायला रुंदी नाही.’

पुढची चाकं चढली. रूळ ओलांडले. मग खालून आवाज आला, लोखंड लाकडी फळ्यांवर घासल्याचा. गाडी थांबली. मागची चाकं गरगर फिरली आणि जळक्या रबराचा वास आला. गाडी पोटावर बसली होती.

 कोगिसोने पुन्हा क्लच सोडला. पुन्हा तोच आवाज.

‘मागे येईल,’ तो म्हणाला. त्याचा आवाज बारीक झाला होता. ‘मागची चाकं उतारावर आहेत. रिव्हर्स टाकली तर सुटेल.’

‘नाही,’ मात्सुएताई म्हणाली आणि मागून त्याचा खांदा धरला. ‘नाही, नाही. पुढे घे.’

‘पुढे जात नाही, ताई.’

‘बाबा, घ्या मागे,’ चिनात्सु म्हणाली. दिवसभरात तिचं हे पहिलंच बोलणं.

त्याचा हात गिअरवर गेला. मात्सुएताईने खांद्याला हिसका दिला. हात निघाला. त्याने पुन्हा पुढे प्रयत्न केला. आणि घंटा वाजायला लागली.

फाटकाची घंटा मी रोज ऐकत होतो. गाडीत बसून, रुळांवर, कधी ऐकली नव्हती. ती कानात नाही, दातांत वाजते. दांडे खाली यायला लागले. एक आमच्या पुढे, एक मागे. आम्ही मध्ये.

‘उतरा!’ कोगिसो ओरडला. मी त्याला ओरडताना कधी ऐकलं नव्हतं. ‘हिबिनो, लाल नळी! तुझ्या पायाशी!’

पेटवून धोक्याची खूण करायची ती नळी प्रत्येक गाडीत असते, पुढच्या सीटच्या पायाशी अडकवलेली. मी ती ओढून काढली आणि उतरलो. मागचं दार उघडलं. चिनात्सुचा टोप दारात अडला. मी तो दाबून तिला बाहेर काढलं. मागचा दांडा जवळ होता, दोन पावलांवर. मी तिला तिकडे वळवलं. मात्सुएताईने तिचा दुसरा हात धरला आणि पुढे ओढलं, रुळांवरून, पलीकडे.

‘इकडे! नवरी मागे नाही जात!’

तिथे भांडायला वेळ नव्हता. दोघी घोळ गोळा करत, अडखळत रूळ ओलांडून गेल्या. पुढच्या दांड्याखालून वाकताना चिनात्सुचा टोप पडला.

‘बाबा, उतरा!’ ती किंचाळली.

कोगिसो उतरला नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं. ‘येतेय ती माणसांनी भरलेली गाडी आहे,’ तो म्हणाला. ‘पळ.’

मी रुळांच्या कडेने वळणाकडे पळालो. नळीचं टोक टोपणावर घासलं. पेटलं नाही. पुन्हा घासलं. टोपण खडीत पडलं. उचललं, घासलं, लाल ज्वाळा फुटली. वळणावर दोन डब्यांची गाडी दिसली. मी नळी डोक्यावर फिरवत होतो आणि ओरडत होतो. काय, ते आठवत नाही. भोंगा वाजला, ब्रेकचा आवाज झाला. चाकांतून ठिणग्या उडत होत्या. गाडी माझ्या अंगावरून गेल्यासारखी शेजारून गेली. ती थांबत होती, पण थांबली नव्हती. मला कळलं की ती फाटकाच्या आधी थांबणार नाही.

मी तिच्यामागे पळालो. कान आदळण्याच्या आवाजाकडे लागले होते.

तो आवाज आला नाही. पण आला नाही म्हणजे काय, हे मला कळेना. ब्रेकच्या कर्कश आवाजात काहीही बुडालं असतं.

शेवटचा डबा फाटकावरच उभा राहिला. मी त्याच्या मागच्या बाजूला पोचलो तेव्हा मला दोन्हीकडचं दिसलं. त्या वेळी दोन्हीकडचं दिसणारा मी एकटाच होतो.

उजवीकडे चिनात्सु खडीवर गुडघे टेकून डब्याखालून पलीकडे बघत होती. पांढरा पोशाख काळा झालेला. मात्सुएताई तिच्यामागे उभी, दोन्ही हात तोंडावर. ‘बाबा!’ चिनात्सु ओरडत होती. ‘बाबा!’ उत्तर येत नव्हतं.

डावीकडे गाडी होती. उताराच्या तळाशी, मोडलेल्या दांड्याचं लाकूड तिच्या टपावर. पुढचं कापड फाटून लोंबत होतं. कोगिसो आत होता, दोन्ही हात स्टिअरिंगवर. त्याचं तोंड उघडं होतं. मुलगी हाक मारत होती ते त्याला ऐकू येत होतं, कारण त्याचे ओठ हलत होते. पण आवाज निघत नव्हता.

‘आहे!’ मी ओरडलो. ‘चिनात्सु, आहे तो! जिवंत आहे!’

मात्सुएताई मटकन खाली बसली.

माणसं उतरल्यावर गाडी थोडी वर आली होती. आणि नवरी आत नव्हती. मग त्याने रिव्हर्स टाकली आणि दांडा मोडत मागे आला. हे त्याने मला नंतर सांगितलं. एवढंच सांगितलं.

रेल्वेचा चालक खाली उतरला. तरुण होता. रागवायला आला होता, नवरीला पाहून गप्प झाला. पोलिसांना कळवलंय, गाडीच्या चालकाने हलायचं नाही, एवढं बजावून तो परत गेला. बऱ्याच वेळाने त्याची गाडी हलली. डबा बाजूला झाला आणि दोन्ही बाजू एकमेकींना दिसल्या.

चिनात्सु उठली आणि रुळांकडे निघाली.

‘चिनात्सु!’ मात्सुएताई ओरडली. ‘नको गं! मागे नको येऊस! एवढं सगळं झालं ते कशासाठी मग?’

‘आत्या, तुम्ही तिथेच थांबा.’

‘पोरी, परत यावं लागेल गं तुला...’

ती रूळ ओलांडून आली. सावकाश, घोळ उचलून, एकेक पाऊल खडीवर टाकत. दार उघडून तिने बापाची बोटं स्टिअरिंगवरून सोडवली. एकेक करून. तो खाली उतरला. तिने त्याला धरलं.

‘मी पोचवणार होतो तुला,’ तो म्हणाला. आवाज फुटला तो असा.

‘मग चला, पोचवा.’

‘गाडी...’

‘चालत.’

‘पोलिस येतायत,’ तो म्हणाला. ‘चालकाने हलायचं नाही म्हणाले.’

‘मी थांबतो,’ मी म्हटलं. ‘तू जा. लग्न आज आहे.’

ती दोघं चढावर गेली. मात्सुएताईने पलीकडून टोप उचलला होता, त्यावरची धूळ ती झटकत होती आणि रडत होती. रुळांपाशी कोगिसो थांबला. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, पुन्हा डावीकडे. पाय उचलेना.

‘बाबा, चला. गाडी गेली.’

‘दुसरी येत असेल.’

‘एवढ्यात नाही येत दुसरी. रूळ पण एकच जोडी आहे.’

‘माहीत आहे.’

‘मग?’

‘माहीत असून भीती वाटते.’

तिने त्याचा दंड घट्ट धरला. त्याने डोळे मिटले आणि रूळ ओलांडले. पलीकडे मात्सुएताईने तिच्या डोक्यावर टोप ठेवला, थोडा वाकडाच. मग तिघं नदीच्या रस्त्याला लागली. बरंच अंतर मला पांढरा टोप दिसत होता.

पोलिस आला. गाडीकडे बघून म्हणाला, ‘अशी बसकी गाडी. चालक कुठाय?’

‘मुलीला सासरी पोचवायला गेलाय,’ मी म्हटलं. ‘येईल.’

‘पळून गेला म्हणा.’

‘तो? पळायलाही घाबरतो तो.’

पोलिसाने मान हलवली आणि बांधावर बसला. आम्ही थांबलो.

दिवस कलल्यावर कोगिसो आला. एकटा. लग्न लागलं, जेवणात मासा चांगला होता, नवरदेवाच्या आईने काही विचारलं नाही, म्हणाला. तो फाटकाच्या बाजूने आला नव्हता. ते फाटक पुन्हा ओलांडायला नको म्हणून नदीच्या पुलावरून मोठा वळसा घालून, उलट्या दिशेने आला होता. बुटांतून पाय सुजून बाहेर आले होते. त्याने पोलिसापुढे वाकून माफी मागितली आणि दोन्ही मनगटं एकत्र करून पुढे धरली.

‘काय करताय?’ पोलिस म्हणाला.

‘बेड्या.’

‘खाली घ्या ते हात, काका.’

कोगिसोने हात खाली घेतले. मग काखेत दाबून धरले. फाटकाची घंटा पुन्हा वाजायला लागली, संध्याकाळची गाडी होती. आम्ही तिघंही भरावापासून दूर शेतात जाऊन उभे राहिलो.